न मोजलेला संप

१४ मे २०२५ ला जर्मनीतल्या कोलोन शहरात फोर्डच्या कारखान्यात एक दिवसाचा संप झाला. कंपनी २,९०० नोकऱ्या कमी करणार होती. 'ई-गे मेटाल' या धातूकामगारांच्या युनियनने आधी सभासदांचं मतदान घेतलं आणि मग काम थांबवलं. त्या आठवड्यातल्या बातम्यांमध्ये एक वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं: फोर्डच्या कोलोन कारखान्याच्या इतिहासातला हा पहिलाच संप.

याच कारखान्यात ऑगस्ट १९७३ मध्ये हजारो तुर्की कामगारांनी जवळपास आठवडाभर असेंब्ली लाइन बंद पाडली होती. गेटवर पहारे बसवले होते, शेकडो जण रात्री आतच झोपत होते. त्या दिवसांचे फोटो आहेत, फिल्म आहे, त्यावर पुस्तकं आहेत. तरी २०२५ चा संप 'पहिला' ठरतो, कारण १९७३ चा संप युनियनने पुकारलेला नव्हता. अशा संपाला इथे 'विल्डर श्ट्राइक' म्हणतात. शब्दशः घ्यायचं तर रानटी संप. तो कायद्यात बसत नाही, म्हणून मोजण्यातही येत नाही.

मी २०२२ मध्ये मास्टर्ससाठी या भागात आलो. माझे आजोबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते, आणि आमच्या घरात एक प्रश्न अजून अनुत्तरित आहे: १९८२ चा संप नक्की कधी संपला? तो अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. एका शहरात सुरू झाल्याची नोंद नसलेला संप, दुसऱ्या शहरात संपल्याची नोंद नसलेला. ही दोन टोकं माझ्या डोक्यात बरेच दिवस शेजारी शेजारी पडून आहेत.

पण आधी नोंदीतल्या संपांबद्दल, कारण परदेशी विद्यार्थ्याला ते सगळ्यात आधी भेटतात.

२७ मार्च २०२३ ला रेल्वे, विमानतळ आणि बऱ्याच राज्यांतली शहरी वाहतूक एकाच दिवशी बंद होती. दोन युनियन एकत्र आल्या होत्या, वर्तमानपत्रं त्याला 'मेगा-संप' म्हणत होती. आमच्या भारतीय विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आदल्या दिवशी धावपळ. 'बाहेर पडायचं की नाही?' 'दूध आणून ठेवू का?' 'दुकानं बंद करायला लावतात का?' आपल्याला बंद माहीत असतो. पेटलेला टायर, अर्धं ओढलेलं शटर, चौकात उभी असलेली पोलिसांची गाडी. इथे दुकानं उघडी होती. स्टेशनबाहेर चमकत्या जॅकेटमधली माणसं शिट्ट्या वाजवत, झेंडे धरून, कॉफी पीत उभी होती. मंगळवारी पुन्हा सगळं सुरू. आमच्या भाषेत सांगायचं तर शेड्यूल्ड डाउनटाइम.

हे इतकं सुबक कसं, ते समजून घ्यायला मला दोन वर्षं लागली, आणि मुख्यतः त्यातले नट-बोल्ट पाहायला मजा आली. पगार आणि कामाचे तास इथे युनियन आणि मालकांची संघटना यांच्यातल्या कराराने ठरतात. कराराची मुदत असते, आणि त्या मुदतीत त्या विषयावर संप करायचा नाही अशी बांधिलकी असते. तिला 'शांततेचं कर्तव्य' म्हणतात. मुदत संपली की वाटाघाटी, वाटाघाटी अडल्या की काही तासांचे इशारा-संप, तेही फसले तर सभासदांचं मतदान आणि मग बेमुदत संप. संपाच्या काळात पगार मिळत नाही, पण युनियन सभासदांना संपभत्ता देते. तो येतो वर्गणीतून. मोठ्या युनियनची वर्गणी पगाराच्या १ टक्का असते. दर महिन्याला एक टक्का, वर्षानुवर्षं, कधीतरी लागेल म्हणून. शिवाय संप फक्त करारात मावणाऱ्या मागण्यांसाठी करता येतो. सरकारच्या एखाद्या धोरणाविरुद्ध 'जर्मनी बंद' वगैरे इथे बेकायदेशीर मानलं जातं. सरकारी सेवेत कायम नेमणूक असलेल्या शिक्षकांना तर संपाचा हक्कच नाही. हे भारतातल्या मित्रांना सांगितलं की ते चकित होतात.

जानेवारी २०२४ मध्ये रेल्वेच्या इंजिन ड्रायव्हरांनी सुमारे पाच दिवस गाड्या थांबवल्या. मागणी होती आठवड्याला ३८ ऐवजी ३५ तास. मार्चमध्ये तडजोड झाली: टप्प्याटप्प्याने २०२९ पर्यंत ३५. माझ्या वर्गातला एक जण त्या दिवसांत वैतागून म्हणाला, 'एवढे लाड?' मला तेव्हा आपला १९७४ चा रेल्वे संप आठवत होता. त्याच्या आदल्या वर्षी आपल्या इंजिन ड्रायव्हरांनी संप केला होता तो ड्युटी दहा तासांवर आणण्यासाठी. आठवड्याची नव्हे, एका वेळची ड्युटी. ते आश्वासन मिळालं आणि नीट पाळलं गेलं नाही. मग मे १९७४ मध्ये जॉर्ज फर्नांडिसांच्या नेतृत्वाखाली सुमारे १७ लाख रेल्वे कामगार उतरले. हजारोंना अटक झाली, रेल्वे क्वार्टर्समधून बायकामुलांना बाहेर काढलं गेलं. वीस दिवसांत संप मागे घ्यावा लागला.

म्हणजे जर्मन समंजस आणि आपण भडक, असं काही नाही. जर्मन शिस्तीच्या तळाशी बरीच कडवट भांडणं आहेत.

त्यातलं एक माझ्या पगाराच्या स्लिपमध्ये होतं. दुसऱ्या सेमिस्टरमध्ये मी आठवड्याला वीस तास एका कंपनीत काम करायचो. तेव्हा किमान वेतन तासाला १२ युरो होतं, मला त्याहून थोडं जास्त मिळायचं. फेब्रुवारीत फ्लू झाला, आठ दिवस अंथरुणात. डॉक्टरचा दाखला पाठवला आणि महिनाअखेर पगार पूर्ण आला. मी हिशोब दोनदा तपासला. पुण्यात एका छोट्या कंपनीत इंटर्न असताना आजारपणाचे दिवस कापले जायचे, तेच अंगवळणी पडलेलं.

हा आजारपणाचा पगार आला श्लेस्विग-होल्स्टाइनमधून. उत्तरेकडच्या या राज्यात २४ ऑक्टोबर १९५६ ला गोदी आणि धातू कामगार संपावर गेले. कारकुनी काम करणाऱ्यांना आजारपणात सहा आठवडे पगार मिळायचा, हाताने काम करणाऱ्यांना सुरुवातीचे दिवस काहीच नाही आणि नंतरही तुटपुंजं. हा भेद काढा, एवढीच मागणी. संप ऐन हिवाळ्यात ११४ दिवस चालला, १४ फेब्रुवारी १९५७ पर्यंत. त्याच वर्षी संसदेने कायदा करून निम्मीअधिक मागणी मान्य केली. पूर्ण समानता यायला १९७० उजाडलं. युनियनला याची किंमतही मोजावी लागली. मतदानाची तयारी करार चालू असतानाच सुरू केली, म्हणजे शांततेचं कर्तव्य मोडलं, असं म्हणून १९५८ मध्ये वरच्या कामगार न्यायालयाने तिला नुकसानभरपाईला जबाबदार धरलं. आज इथल्या ऑफिसात 'मी आजारी आहे' असं दोन ओळींत मेल करणाऱ्या कुणाला हे ११४ दिवस माहीत असतील असं वाटत नाही.

त्याच १९५६ सालच्या मे दिनाला इथल्या कामगार संघटनांनी पोस्टरवर एका लहान मुलाच्या तोंडी मागणी घातली होती की शनिवारी बाबा माझे असले पाहिजेत. हे वाचताना नारायण मेघाजी लोखंडे आठवल्याशिवाय राहत नाहीत. फुल्यांचा हा सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधू'चा संपादक. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईच्या साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, अपघात झाला तर भरपाई. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. जर्मन बाबांच्या शनिवारच्या सहासष्ट वर्षं आधी. शाळेत आपल्याला रविवार इंग्रजांनी दिला असंच काहीसं कळतं.

आता १९७३.

जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला १९६१ मध्ये. आलेल्यांना नाव दिलं 'गास्टआर्बायटर', पाहुणे-कामगार. पाहुणा म्हणजे जाणारा, हे त्यात गृहीतच. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या गिरणगावातल्या चाकरमान्यासारखंच हे जगणं: कुटुंब गावी, पुरुष शहरात एका खोलीत दहा-बारा जण, आणि वर्षभर डोळे रजेकडे. फोर्डच्या कोलोन कारखान्यात तेव्हा सुमारे ३५ हजार कामगार होते, त्यांतले बाराएक हजार तुर्की. बहुतेक सगळे असेंब्ली लाइनवर, सगळ्यात जड आणि कमी पगाराच्या कामांवर. रजा चार आठवडे. गाडीने अनातोलियाला जायचं म्हणजे एका बाजूने तीन हजार किलोमीटर. येण्याजाण्यातच आठवडा गेला, मग उशीर होणारच. आधीच्या वर्षांत हे चालवून घेतलं जायचं. १९७३ च्या उन्हाळ्यात उशिरा परतलेल्या सुमारे ३०० जणांना कंपनीने कामावरून काढलं, आणि त्यांचं काम उरलेल्यांवर टाकलं. लाइनचा वेग तोच, माणसं कमी.

२४ ऑगस्टला, शुक्रवारी, दुपारच्या पाळीत काम थांबलं. काढलेल्यांना परत घ्या, तासाला एक मार्क वाढ सगळ्यांना, लाइनचा वेग कमी करा, सहा आठवडे रजा. मागण्या जर्मन कामगारांच्याही होत्या आणि सुरुवातीला काही जर्मन सोबत उतरलेही. पण कारखान्यातलं निवडून आलेलं कामगार मंडळ आणि युनियन यांनी हा संप आपला मानला नाही. संपकऱ्यांनी स्वतःची समिती निवडली. बाहा तार्ग्युन नावाचा तरुण तिचा आवाज झाला. कंपनी म्हणाली, आम्ही बोलणार फक्त कामगार मंडळाशी. वर्तमानपत्रांनी त्याला 'तुर्कांचा संप' करून टाकलं, आणि तसं म्हटलं की जर्मन कामगाराने घरी जायला हरकत उरत नाही. ३० ऑगस्टला 'आम्हाला काम करायचंय' अशा घोषणा देणारा जमाव, त्यात फोरमन वगैरे मंडळी, संपकऱ्यांच्या अंगावर गेला. पोलीस आले, म्होरक्यांना पकडलं, लाइन सुरू झाली. शंभराहून जास्त जणांना लगेच काढलं, आणखी शेकड्यांनी 'स्वतःहून' राजीनामे दिले.

याच महिन्यात कोलोनपासून तासाभरावरच्या नॉयस गावी मोटारींचे कार्बोरेटर बनवणाऱ्या पियरबुर्ग कारखान्यात बायकांचा संप झाला. ग्रीक, तुर्की, युगोस्लाव्ह, स्पॅनिश, इटालियन बायका. त्यांना 'हलकं काम' नावाच्या सगळ्यात खालच्या वेतनगटात टाकलेलं होतं. हाही युनियनने न पुकारलेला, म्हणजे रानटीच. पण इथे चौथ्या-पाचव्या दिवशी कुशल जर्मन कामगार बायकांच्या बाजूने उभे राहिले आणि तो वेतनगटच रद्द झाला. फोर्ड आणि पियरबुर्ग यांत संपकऱ्यांच्या धैर्यात फरक नव्हता. फरक पडला तो शेजारच्या मशीनवरचा माणूस काय करतो, याने.

मी फोर्डचं वाचत होतो तेव्हा मनात सतत एकच येत होतं: 'आम्ही बोलणार फक्त कामगार मंडळाशी' हे वाक्य आपल्याकडे कायदाच होता.

त्याचं नाव मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६. त्याची पूर्वतयारी १९३८ सालच्या कायद्यात झाली होती. त्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत एक दिवसाचा संप झाला, आणि त्यात आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते, जे रोज घडणारं नव्हतं. विधिमंडळात आंबेडकरांचा युक्तिवाद असा होता की संप करणं हा गुन्हा ठरवणं म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबवणं. संपाचा हक्क हा स्वातंत्र्याचाच हक्क आहे. १९४६ च्या कायद्याने 'प्रातिनिधिक युनियन' ठरवली: शहरातल्या त्या उद्योगात २५ टक्के सभासद दाखवले की तुम्ही सगळ्यांच्या वतीने बोलणार. गुप्त मतदान नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत ही जागा काँग्रेसच्या छायेतल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेली आणि तिथेच राहिली. कामगार कुणाच्या सभेला जातात, कुणाच्या हाकेला काम थांबवतात, याचा कायद्याशी संबंध नाही.

१९८१ च्या दिवाळीत बोनसवरून भडका उडाला तेव्हा काही गिरण्यांचे कामगार घाटकोपरला डॉक्टर दत्ता सामंतांकडे गेले. सामंतांनी इंजिनिअरिंग कारखान्यांत घसघशीत वाढी मिळवून दिल्या होत्या. १८ जानेवारी १९८२ ला, सोमवारी, साठेक गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार थांबले. मागण्या पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणं आणि १९४६ चा कायदा रद्द करणं. यातली तिसरी मागणी बाहेरच्यांना तांत्रिक वाटते, पण गाठ तिच्यातच होती. सामंतांशी बोलणं म्हणजे कायद्याने अस्तित्वात नसलेल्या माणसाशी बोलणं. ज्या संघाशी बोलता येत होतं त्याच्या मागे संपकरी नव्हते. ज्यांच्याशी करार करायचा तेच टेबलावर नाहीत, मग संप मिटणार कुणाच्या सहीने?

शिवाय मालकांना घाई नव्हती. गोदामांत माल होता, आणि भिवंडीच्या यंत्रमागांवर कापड विणून घेता येत होतं. फोर्डची लाइन दुसरीकडे उचलून नेता येत नव्हती. मुंबईचं कापड येत होतं.

संपभत्ता नव्हताच. त्याच्या जागी होत्या गिरणगावच्या खानावळवाल्या बायका, ज्यांनी वहीत उधारी लिहून जेवू घातलं, आणि होतं गाव. आजोबा मार्चपर्यंत लालबागच्या खोलीत राहिले, मग शिमग्याला संगमेश्वरकडे गेले ते भात लावणी उरकूनच आले. पुन्हा गेले. घरात सांगतात की त्या वर्षी आजीने बांगड्या गहाण ठेवल्या, आणि खानावळीची उधारी फेडायला आजोबांना पाच वर्षं लागली. जर्मन युनियनचा १ टक्का आणि या बायकांची वही, दोन्हींचं काम एकच. फक्त एक आधी गोळा होतो आणि दुसरी नंतर वसूल होते, तीही सगळ्यांकडून नाहीच. मला यात तुलनेचा सगळा मुद्दा दिसतो. आजोबांच्या पिढीने दीड वर्ष आणि अधिक काळ जे सोसलं, त्यापुढे श्लेस्विग-होल्स्टाइनचे ११४ दिवसही थोडे वाटतात. कमी पडली ती मधली यंत्रणा: कोण बोलणार हे ठरवणारं मतदान, तोवर घर चालवणारा निधी, आणि शेवटी सही करायला एक कागद.

ऑक्टोबर १९८३ मध्ये सरकारने तेरा गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं. बाकीच्या हळूहळू, कमी माणसांवर सुरू झाल्या. निदान पाऊण लाख, काहींच्या मते दीड लाख कामगारांना परत काम मिळालं नाही. सामंत १९८४ च्या लाटेतही अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. १६ जानेवारी १९९७ ला पवईत त्यांचा खून झाला. गिरण्यांच्या जागेवर काय उभं राहिलं ते लोअर परळला उतरणाऱ्या कुणालाही दिसतं. आमच्या क्षेत्रातल्या कित्येक कंपन्यांची ऑफिसं तिथेच आहेत.

जर्मनीत १९७३ नंतर पाहुण्यांची भरती थांबली, पण आत असलेल्यांना आत घेण्याची वाट उघडी राहिली. १९७२ च्या कायद्याने परदेशी कामगारांना कामगार मंडळाच्या निवडणुकीला उभं राहता येत होतं, आणि पुढच्या वर्षांत फोर्डच्या मंडळात तुर्की नावं वाढत गेली. २०२५ च्या 'पहिल्या' संपात गेटवर उभ्या असलेल्यांत त्या लोकांची मुलं-नातवंडं नक्की असणार.

सगळं आलबेल झालं असं मात्र नाही. २०२१ मध्ये बर्लिनमध्ये गोरिलाज नावाच्या दहा मिनिटांत किराणा पोचवणाऱ्या कंपनीच्या रायडरांनी एका सहकाऱ्याला काढल्यावर अचानक काम थांबवलं. बहुतेक सगळे परदेशी. या कामात भारतीय विद्यार्थीही बरेच असतात. युनियनने पुकारलेला नाही म्हणून संप रानटी ठरला, लोकांना काढलं, आणि कामगार न्यायालयाने ते काढणं वैध ठरवलं. एकूण कामगारांपैकी आज जवळपास निम्मेच सामूहिक कराराखाली येतात. मी आता जिथे काम करतो तिथे असा करार नाही. आमच्या टीममध्ये कुणाला त्याची उणीव वाटत नाही. पगार चांगला असला की युनियन हा शब्द दुसऱ्यांसाठीचा वाटतो. फोर्डच्या इंजिनिअरांनाही बराच काळ तसंच वाटत असणार.

आपल्याकडे २०२० मध्ये संसदेने औद्योगिक संबंध संहिता मंजूर केली. तीत संपाआधी चौदा दिवसांची नोटीस सगळ्याच उद्योगांना लागू आहे, आणि ५१ टक्के सभासद असलेली युनियन एकटी वाटाघाटी करणार. २५ वरून ५१ ही सुधारणा आहे. मोजणी कशी होते, यावर सगळं अवलंबून.

मुंबईत दुसरी एक मोजणी अजून चालू आहे. गिरण्यांच्या जमिनीवरच्या घरांसाठी म्हाडाकडे दीड लाखांहून जास्त कामगारांचे आणि वारसांचे अर्ज आहेत. पात्रतेची तारीख १ जानेवारी १९८२, म्हणजे संपाच्या सतरा दिवस आधीची: त्या दिवशी किंवा नंतर कामगार हजेरीपटावर असला पाहिजे. पुरावा म्हणून तिकीट नंबर, ईएसआयचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर, लाल पास वगैरे चालतं. आजोबांचं ईएसआय कार्ड काकांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलंय. लाल पास गावच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत असेल असं आत्या म्हणते, गणपतीला कुणी गेलं की शोधायचा आहे.